दहाव्याच्या माइकवर रडणारा माणूस

माइकसमोर रडणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. घरात रडा, मोरीत रडा, कोण विचारतंय? पण पुढे खुर्च्या भरलेल्या, बाजूला साउंडवाला आवाज वरखाली करतोय आणि याचा गळा बरोबर तेव्हाच दाटतो, असं झालं की मी आधी त्याच्या हातातला रुमाल बघते. रुमाल इस्त्रीचा असेल तर हा माणूस रडायचं घरूनच ठरवून निघालेला आहे.

दाजी घरतांचा रुमाल कायम इस्त्रीचा.

दाजी हे त्यांचं पाळण्यातलं नाव, नातं नव्हे. पनवेलच्या खाडीकडच्या गावांत त्यांना सगळेच दाजी म्हणतात, त्यांचे सख्खे मेहुणेही आणि त्या मेहुण्यांचे शत्रूही. उंच, काळे, पांढऱ्या मिशा, पांढरा शर्ट. घराणं मिठागरातलं. मिठागरं गेली, त्या जमिनीवर कोणाचे तरी टॉवर आले, दाजींच्या वाट्याला एक प्लॉट आला, तो विकून दोन पोरांची लग्नं झाली आणि उरल्यासुरल्यात पाण्याचे टँकर आले. उलव्याच्या बांधकामांना पाणी पुरवायचं. जिथे आजोबा पाणी आटवून मीठ काढत होते, त्याच पट्ट्यात नातू पाणी विकतोय, असं मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हटलं. दाजी हसले. म्हणाले, "ताई, ह्ये माइकवर बोलाला बरं हाय."

माइक. त्यांचा खरा धंदा टँकरचा नव्हताच, माइकचा होता.

बाहेरच्यांना सांगावं लागेल. आमच्या पट्ट्यात माणूस गेला की दहाव्याला घाटावर मंडप पडतो. एकीकडे भटजींचं चालू असतं, दुसरीकडे प्रवचन, आणि प्रवचन आटोपलं की श्रद्धांजल्या. म्हणजे भाषणं. गावकीचा अध्यक्ष बोलतो, मंडळाचा बोलतो, येत्या निवडणुकीत ज्याला उभं राहायचंय तो बोलतो, आणि ज्याला उभं राहायचं नाही असं तो सांगत असतो तोही बोलतो. गेलेला माणूस प्रत्येकाचा जवळचा. तो जिवंतपणी ज्यांच्याशी बोलत नव्हता, त्यांचा तर फारच जवळचा. हे सगळं जो हाकतो, कोणाचं नाव आधी घ्यायचं, कोणाला दोन मिनिटांत बसवायचं, कोणाला विसरल्यासारखं करायचं, तो निवेदक. खाडीकाठच्या गावांत निवेदक म्हणजे दाजी. आणि सगळ्यांत शेवटी ते स्वतः बोलणार, आणि रडणार.

माझं निम्मं काम दहाव्यालाच होतं. मी उरण नाक्यावर टेबल टाकून बसते. लोकांचे अर्ज, हरकती, तक्रारी. शाळा नववीत सुटली, कायदा रद्दीतल्या पुस्तकांवर शिकले, आणि वकिलांना माझा राग येतो याचा मला अभिमान आहे. जो अधिकारी कचेरीत भेटत नाही तो दहाव्याला हमखास भेटतो, आणि मयताच्या मंडपात तो उठूनही जाऊ शकत नाही. त्यामुळे दाजींची भाषणं मी भरपूर ऐकली. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की हा माणूस दर वेळी एकाच वाक्यावर रडतो.

"आता त्या घरामंदी संध्याकाली चपला काढाचा आवाज येनार नाय."

इथे आवंढा. इथे रुमाल. इथे साउंडवाला, त्यालाही पाठ झालेलं, हलकेच आवाज घुमवायचं बटण फिरवायचा. बायकांच्या बाजूने हुंदका यायचा तो याच्या नंतर.

एकदा एका म्हातारीच्या दहाव्याला हे वाक्य आलं. ती म्हातारी कित्येक वर्षं खाटेवर पडून होती. मग मात्र मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या चहावाल्याकडे मी त्यांना गाठलं.

"दाजी, म्हातारी खाटेवरून उठत नव्हती. चपला कुठल्या काढत होती?"

दाजी खो खो हसले. "तुमी एकट्या ऐकताव, ताई. बाकीची मान हलवतान नि जेवनाचं पातेलं कवा उघडतंय ते बघतान."

"आणि डोळ्यातलं पाणी?"

"ते माझंच हाय. टँकरचा नाय."

"मला खरं सांगा."

त्यांनी बशीत चहा ओतला, प्यायला नाही. मग सांगितलं. त्यांच्या बापाच्या दहाव्याला कोणीतरी त्यांच्या हातात माइक दिला. तरुण वय, आयुष्यात कधी चार माणसांपुढे बोललेले नाहीत. उभे राहिले ते खांबासारखे. शब्द नाही, पाणी नाही. खाली बसेपर्यंत मागच्या रांगेतून आलंच, "बापाची जमीन गिलली, डोलं सुकलं." ते ऐकून घरी आले आणि गोठ्यात रडले, ते कोणी बघितलं नाही. "आनि बा माझा, ताई, उभी हयात मिठागरात अनवानी. म्हातारपनी मी त्याला चपला घेऊन दिल्या. त्या दारात काढताना असा आवाज कराचा, जसा काय कलेक्टर घरी आला. ता आवाज गेला माझ्या घरातला. कोनाच्या बी दहाव्याला उभा रेलू की मना तोच ऐकू येतंय. रडू माझंच असतंय. मयत फकस्त दुसऱ्याची."

गोष्ट चांगली होती. इतकी चांगली होती की मला पटली नाही. माझा स्वभाव असा की नीट बसलेली गोष्ट मी उचलून खाली बघते. त्यांच्या गावच्या एका जुन्या बाईला मी सहज विचारलं, दाजींचा बाप चपला घालायचा का? ती म्हणाली, "घालाचा ना! दारात आपटून काढाचा. पन त्या दाजीनं नाय घेतलेल्या, जावयानं घेतलेल्या."

झालं. बाप खरा, चपला खऱ्या, आवाज खरा, आणि घेऊन देणारा खोटा. दाजी घरत हा माणूस असाच होता. खऱ्यात एक चिमूट आपलं घालायचा, आणि ती चिमूट नेहमी त्याच्या बाजूची.

आनंदा कोळी दाजींच्याच टँकरवर ड्रायव्हर होता. खाडीवरचाच, मासेमारी सुटलेल्या घरातला. आधी प्यायचा, हे गावात लहान पोरालाही माहीत. मग त्याने माळ घातली. तुळशीची माळ घातली की दारू सुटते आणि मासळीही सुटते, आणि कोळ्याच्या घरात मासळी सुटणं म्हणजे काय ते कोळ्यालाच कळेल. त्याची बायको दमयंती करंज्याची. माहेरी बंदरावर मासळीच्या लिलावात ओरडून मोठी झालेली. ती हसून सांगायची, "माझ्या नशिबी बघा, ताई. एका चुलीवर सुक्या बोंबलाचं कालवन नि एका चुलीवर ह्या महाराजाला वरन-भात."

उलव्याला एका इमारतीच्या पायासाठी खोल खड्डा खणला होता. सकाळी टँकर पाणी द्यायला गेला, मागे घेताना काठाची माती ढासळली आणि टँकर आनंदासकट खड्ड्यात गेला. आनंदा वाचला नाही. कठडा नव्हता, पत्रा नव्हता, साधी दोरीसुद्धा बांधलेली नव्हती. संध्याकाळी हे सगळं झाकायला कंत्राटदाराने पत्रे आणले. पण त्याच्याही आधी, आनंदाला दवाखान्यात नेल्यावर तासाभरात, एक वाक्य खाडीच्या सगळ्या गावांत पोचलं होतं: पिऊन होता.

कोणी सोडलं ते वाक्य? मी माग काढत गेले. पानवाला म्हणाला रिक्षावाल्याने सांगितलं, रिक्षावाला म्हणाला दवाखान्याच्या दारात ऐकलं. दवाखान्याच्या दारात उभा होता विश्वजीत. कंत्राटदाराचा माणूस, आमच्याच पट्ट्यातला पोरगा, कडक कपडे, सगळ्यांना वाकून नमस्कार. गावातला कोणी ओरडला की त्याला गप्प करायचं काम त्याच्याकडे. त्याने तिथे नुसतं डोकं हलवून म्हटलं होतं, "आनंदादादांनी परत सुरू केली होती वाटतं." वाटतं! या एका शब्दावर मी त्याला धरू शकत नव्हते, हे त्यालाही माहीत होतं.

रक्ताची तपासणी होते, पण तिचा अहवाल यायला महिने लागतात, आणि आल्यावर तो फायलीत बसतो. गाव फाईल वाचत नाही. दमयंतीच्या मुलीला, रुचिराला, शाळेत एका मुलीने विचारलं, तुझे पप्पा दारू पिऊन मेले ना? त्या दिवशी दमयंती माझ्या टेबलाशी आली.

"ताई, बाकी कागुद नंतर. आधी त्याचं नाव. कोली असून ज्यानं मासली सोडली, तो दारू परत धरंल? मना सांगा, धरंल?"

"त्या सकाळी त्याच्या बरोबर कोण होतं?"

"दाजी व्हते. टँकरचं काय तरी काम व्हतं म्हनून गेलेले."

म्हणजे साक्षीदार एकच, आणि तो दाजी घरत. ज्याचे टँकर त्याच कंत्राटदाराच्या जिवावर चालतात. मी मनात म्हटलं, मेलो आपण.

आम्ही दोघी दाजींच्या घरी गेलो. दमयंतीला दारात बघताच त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. खोटं सांगत नाही, धारा. "माझा पोरगा गेला, बाय! दोन पोरगं व्हतं मना, तिसरा तो व्हता!" रुमाल निघाला. त्यांच्या बायकोने पाणी आणलं, चहा आणला. मी सरळ विचारलं, "दाजी, तो त्या सकाळी प्यायला होता का?" दाजी रडले. "काठाला कठडा होता का?" दाजी आणखी रडले. "पोलिसांत येऊन एवढं सांगाल का?" त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले आणि असे रडले की शेजारची माणसं दारात जमली. पुढे कोण काय विचारणार? मी कप इतक्या जोरात ठेवला की त्याचा कान हातात राहिला.

बाहेर आल्यावर दमयंती म्हणाली, "एवरा रडला. पन बोल्ला काय?"

काही नाही. तेच तर मी इतकी वर्षं बघत होते आणि मला त्याचं नाव सापडत नव्हतं. हा माणूस रडून दार लावून घेतो.

आता दहावा आला. विश्वजीत श्रद्धांजलीला येणार हे कळलं, आणि तो काय बोलणार हेही मला कळलं. "पिऊन होता" हे वाक्य नाक्यावरून उचलून घाटावर आणायचं, पिंडासमोर, सगळ्या गावासमोर, दुःखाचा आवाज लावून. तिथे कोणी खोडून काढलं नाही की ते कायमचं. दहाव्याला न खोडलेली गोष्ट आमच्याकडे मान्य झाली असं धरतात.

दमयंती म्हणाली, "मी बोलतंय माइकवर." आनंदाचे चुलते विनायककाका म्हणाले, बाईमाणूस दहाव्याला माइक घेत नाही, त्यातून जिचा नवरा गेलाय ती तर नाहीच.

मी म्हटलं, "काका, करंज्याच्या बंदरावर हिच्या आवाजाने गिऱ्हाईक जागचं हलत नाही. आणि इथे हिचा आवाज चालत नाही?"

"किशोरीताई, ह्यो लिलाव नाय."

"नाही कसा? आनंदाच्या नावाचाच लिलाव चाललाय इथे!"

काका तिकडे वळून पान लावायला लागले. भांडण तिथेच थांबलं, आणि माइक दाजींच्याच हातात राहिला.

घाटावर त्या दिवशी माणूस मावत नव्हता. तरणाताठा गेला की गर्दी होतेच. आनंदाचा धाकटा भाऊ प्रितेश डोकं भादरून भटजींसमोर बसला होता. बायका डावीकडे, मी त्यांच्यात, दमयंती माझ्या पुढे. दाजी पांढऱ्या शर्टात, हातात बिनवायरचा माइक. मी त्यांच्यावरून नजर काढली नाही. त्यांनी विश्वजीतचं नाव चौथं घेतलं. पहिलं घेतलं असतं तर लाचार दिसले असते, शेवटचं घेतलं असतं तर धिटाई झाली असती. चौथं म्हणजे घाबरलेल्या माणसाचा हिशोब.

विश्वजीत छातीवर हात ठेवून बोलला. पोरगा तयारीचा. "आनंदादादा माझ्या मोठ्या भावासारखे. माणूस सोन्यासारखा. पण सोन्यासारख्या माणसालाही एखादी सवय कुठे घेऊन जाते... मी जास्त बोलत नाही. आज तो दिवस नाही." आणि थांबला. मग चष्मा काढून डोळे पुसले. कोरडे डोळे पुसताना माणूस बोट आडवं फिरवतो, ओले असतील तर दाबतो. याने आडवं फिरवलं. पण पुरुषांच्या खुर्च्यांत माना हलल्या, हलल्याच. दमयंतीची पाठ ताठ झाली ती मला मागून दिसली.

मग पिंड काठावर ठेवला आणि सगळे कावळ्याची वाट बघत थांबले.

आमच्या खाडीला कावळ्यांची कमी नाही. बोंबील वाळत घातले की राखण ठेवावी लागते. त्या दिवशीही पलीकडच्या तिवरांच्या झाडांवर ओळीने बसले होते. एक खाली आला, पिंडाभोवती फिरला, उडून गेला. मग कोणीच येईना. कावळा शिवला नाही की गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं समजतात, आणि घरचे एकेक पुढे होऊन मोठ्याने शब्द देतात. प्रितेश म्हणाला, "दादा, रुचिराला मी शिकवीन." कावळा नाही. विनायककाका म्हणाले, "आनंदा, घर पडू देनार नाय." कावळा नाही. ऊन चढलं. माणसं घड्याळ बघायला लागली.

दमयंती बसल्या जागेवरून ओरडली. माइकची तिला गरज नव्हतीच.

"दाजीभाव! तुमी बोला त्याला. तुमचं ऐकंल तो!"

सगळ्यांनी दाजींकडे बघितलं. यात वावगं काय? मालक होते, बोलके होते. मला मात्र कळलं की बाईने जाळं टाकलंय. पिंडासमोर दिलेला शब्द आमच्याकडे कोर्टातल्या शपथेहून जड. तिथे खोटं बोललेला माणूस मी तरी बघितला नाही. न बोलता सटकलेले बघितलेत.

दाजी पिंडापाशी गेले. माइक हातात तसाच, चालू. रुमाल काढला. "आनंदा, बाला," म्हणाले, तोच नेहमीचा आवाज, आणि मी दात चावले. आता चपला येणार. साउंडवाल्याचा हात बटणावर गेलेला मी पाहिला. "बाला, आता तुझ्या घरामंदी संध्याकाली..."

आणि थांबले.

हा त्यांचा आवंढा नव्हता. तो मला पाठ होता. ते नुसते थांबले, रस्ता विसरल्यासारखे. स्पीकरमधून श्वास ऐकू येत होता, आणि साउंडवाल्याने बटण लावलेलं असल्यामुळे तो श्वास सगळ्या घाटावर घुमत होता. त्याने घाबरून बटण बंद केलं. दाजींचं नाक गळायला लागलं, ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. डोळे कोरडे. आणि मग जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. बारीक, चिरका, शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा.

"तू पियाला नव्हतास."

घड्याळ बघणारी माणसं पुढे सरकली.

"चा पिलेला माझ्यासंगती. बिस्कुट खाल्लंस. वास नव्हता... कसला वास? माळ व्हती गल्यात. काठ कच्चा व्हता, तू बोल्लास मना, दाजी, काठ कच्चा हाय. तू बोल्लास." मध्येच त्यांना राग आला, कोणाचा कोण जाणे, पाय आपटला. "मी मागं उभा व्हतू. मी हात केला. आन दे, आन दे, बोल्लू. तू आरशात मनाच बघत व्हतास. माझ्या हातावर आलास तू मागं. माझ्या हातावर!"

पुढे शब्द जुळेनात. "मी सांगन," असं काहीतरी म्हणाले, "जिथं पायजे तिथं सांगन," आणि माइक त्यांच्या हातातून खाली दगडावर पडला. कान फाटतील असा आवाज झाला.

मी इतकी वर्षं त्या माणसावर संशय घेतला, आणि खरी गोष्ट माझ्या संशयाच्या बाहेरच बसली होती. मला वाटत होतं तो टँकरसाठी गप्प आहे. टँकर होतेच. पण टँकरच्या खाली हा हात होता.

विश्वजीत लगेच उठला. पडलेला माइक त्याने उचलला, फुंकला. "मंडळी, दाजींच्या भावना आपण समजून घेऊ. मालक म्हणून ते स्वतःला दोष देतायत. भावनेच्या भरात माणूस..."

"भरात नाय!" दमयंती उभी राहिली. "आजपावेतो भरात बोलत व्हते. आज शुद्धीवर बोल्ले. ठेव तो माइक खाली."

विश्वजीतने विनायककाकांकडे बघितलं. काका दहाव्याचे नियम सांभाळणारे. बाईने असं उभं राहून ओरडलेलं त्यांना चालण्यातलं नव्हतं. काका त्याला म्हणाले, "ठेव रं." त्याने ठेवला.

आता गावात सांगतात की दाजी बोलले आणि त्याच क्षणी कावळा शिवला. खोटं आहे. मी तिथे होते. कावळा आलाच नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि आम्ही उन्हातून मंडपात आलो. पण एक गोष्ट झाली. "पिऊन होता" असं त्यानंतर कोणी म्हणालं नाही, निदान माझ्यासमोर नाही.

माझं मन मात्र शांत नव्हतं. घाटावर बोलणं वेगळं आणि पोलिसांत जबाब देणं वेगळं. मधल्या दिवसांत माणूस बदलतो, बदलवतात. उलव्यावरून दाजींचे टँकर दुसऱ्याच दिवशी परत पाठवले. मोठा पोरगा बापाशी बोलेनासा झाला. एक गाडी संध्याकाळी त्यांच्या दाराशी बराच वेळ उभी होती, असं मला कळलं. कोणाची ते मी विचारलं, तर दाजींची बायको म्हणाली, "पावनं व्हतं." पाहुणे! मी दमयंतीला म्हटलं, "नाही येणार बघ. आजारी पडेल. छातीत दुखेल. या वयाच्या माणसांच्या छातीत बरोबर वेळेला दुखतं."

दमयंती म्हणाली, "येतील."

"कशावरून?"

"रडले नाय ते."

ठरल्या सकाळी आम्ही पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसलो होतो. दाजी रिक्षातून उतरले. एकटे. शर्ट कालचा असावा. माझ्याकडे बघितलं नाही, दमयंतीकडेही नाही.

हवालदार शांत माणूस होता. नाव-गाव विचारून झाल्यावर म्हणाला, "सांगा काका."

दाजींनी घसा साफ केला. "साहेब, आनंदा म्हंजे सोन्यासारखा मानूस, त्याच्या जान्यानं आमच्या..."

"काका, भाषण नको. प्यायला होता?"

"नाय."

"तुम्ही जवळ होता?"

"चा पिलू आमी एकत्र."

"काठाला कठडा? पट्टी, दोरी, काही?"

"काय नव्हतं."

"टँकर मागे घ्यायला कोणी सांगितलं?"

"मी. हात करून."

माझ्याच्याने राहवलं नाही. "आणि तुम्हाला तिथे उभं राहून हात करायला कोणी सांगितलं, दाजी? काठ कच्चा आहे हे आनंदा सांगत असताना?"

दाजी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर काही नव्हतं, जप्त केलेल्या मोटारसायकली होत्या.

"कोनी नाय," ते म्हणाले.

मला ते पटलं नाही. आजही पटलेलं नाही. कोणीतरी घाई केली होती, कोणीतरी म्हणालं होतं आटप, काँक्रीटचा मिक्सर खोळंबलाय. आणि ते नाव दाजी घरतांच्या पोटात आहे. ते काढायला मी अजून त्यांच्या घरी जाते. ते मला चहा देतात. रडत नाहीत. दहाव्याला बोलायचं त्यांनी सोडलंय. आता एक पोरगं मोबाईलवर बघून निवेदन करतं, आणि लोक म्हणतात, दाजींची मजा नाही.

त्या दिवशी जबाब लिहून झाला. हवालदाराने सहीसाठी पुढे केला. दाजींनी पेन घेतलं, आणि तेव्हा पहिल्यांदा दमयंतीकडे वळले. "बाय, मना माफ..."

"त्याचं मी नंतर बघन," दमयंती म्हणाली. "आधी सही करा."

त्यांनी केली. हवालदार कागद घ्यायला लागला तर ती म्हणाली, "साहेब, वाचून दावा."

हवालदाराने वाचलं. त्याच्या आवाजात काही म्हणजे काही नव्हतं, वाण्याने भाव सांगावेत तसा. "...सदर इसम आनंदा कोळी यास मी दहा वर्षांपासून ओळखतो. घटनेच्या दिवशी सकाळी तो माझ्यासोबत होता. त्याने कोणतीही दारू प्यायलेली नव्हती. तो पूर्ण शुद्धीत होता..." दारातला पंखा खडखडत होता. बाकड्यावर एक माणूस डब्यातली भाजी हुंगत होता. कोणाचाच गळा दाटला नाही.

वाचून संपल्यावर हवालदाराने मान वर केली.

दमयंतीने पदर खांद्यावर नीट घेतला आणि म्हणाली, "ता दारूचं परत एकदा वाचा. जरा मोट्यानं."